बोट कुठे ठेवलंस?

"बाई, मी आठवीत आहे. मला गोष्टी वाचायला आवडतात आणि वाचलेलं कळतंही. पण उताऱ्याखालचे प्रश्न आले की घोटाळा होतो. निवेदक, आशय, मध्यवर्ती कल्पना, सूर, प्रतीक, सगळ्यांच्या व्याख्या मी पाठ केल्या आहेत, तरी गुण जातात. मागच्या चाचणीत 'निवेदक कोण?' याला लेखकाचं नाव लिहिलं, चूक. 'मध्यवर्ती कल्पना लिहा' याला 'मैत्री' लिहिलं, अर्धा गुण. अलंकार बरोबर ओळखला, तर शेरा आला, 'स्पष्टीकरण कुठे आहे?' आता साधी गोष्ट वाचतानासुद्धा हेच शब्द डोक्यात फिरतात आणि मजा जाते. व्याख्या अजून पक्क्या करू की वाचणंच कमी करू? – व्याख्या पाठ असलेली"

प्रिय 'व्याख्या पाठ असलेली',

वाचणं कमी करू नकोस. व्याख्या कमी कर.

तुझ्या तिन्ही चुका एकाच जातीच्या आहेत. शब्दाचा अर्थ तुला येतो, पण तो शब्द त्या उताऱ्यात नेमका कुठे आहे हे तू दाखवत नाहीस. मी शिकवत होते तेव्हा कुणीही उत्तर दिलं की मी एकच विचारायचे, "बोट कुठे ठेवलंस?" म्हणजे कोणत्या ओळीवर बोट ठेवून तू हे म्हणतेस? बोट ठेवता आलं तर उत्तर उताऱ्यातून आलेलं असतं. नाही आलं तर ते कितीही देखणं असो, ते आपल्या डोक्यातून आलेलं असतं. मुलं माझ्या या प्रश्नाची नक्कल करायची, मला ऐकूही यायची. पण नक्कल करणाऱ्यांचीच उत्तरं पुढे सुधारली, म्हणून मी कधी रागावले नाही.

दुसरं असं, की हे शब्द म्हणजे डब्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या नव्हेत. प्रत्येक शब्द हा एक प्रश्न आहे. 'निवेदक' म्हणजे, हे मला कोण सांगतंय? 'सूर' म्हणजे, सांगणाऱ्याचा आवाज कसा लागलाय? 'प्रतीक' म्हणजे, ही वस्तू इथे वस्तूपेक्षा जास्त काही झाली आहे का? व्याख्येऐवजी प्रश्न लक्षात ठेवलास तर उत्तर शोधायला उताऱ्यातच जावं लागतं.

हवेत बोलण्यापेक्षा एक उतारा समोर ठेवते. मीच लिहिलाय, त्यामुळे तो आधी कुणी तुला समजावून दिलेला असण्याची भीती नाही.

"खोली आता माझी एकटीची झाली. 'आता कसं ऐसपैस!' आई म्हणाली. मी टेबल खिडकीपाशी ओढलं, भिंतीवर माझी चित्रं लावली. कपाटाचा फक्त खालचा कप्पा तसाच ठेवला. त्यात तिची अर्धी लिहिलेली वही आहे आणि एक तुटकी मोजपट्टी. रात्री दिवा मालवला आणि सवयीने विचारलं, 'झोपलीस का गं?' खोली गप्प बसली. बाहेर पाऊस हट्टी मुलासारखा दारावर थापा मारत होता. मी उठले, खिडकी उघडली आणि तशीच उघडी ठेवून झोपले."

आधी तुझा निवेदक. उतारा मी लिहिला, म्हणजे लेखक मी. पण मला बहीण नाही, माझ्या भिंतीवर कधी चित्रं नव्हती आणि खिडकी उघडी टाकून मी आजवर झोपलेले नाही. उताऱ्यातला 'मी' म्हणजे मी नव्हे. ते मी उभं केलेलं एक पात्र आहे आणि गोष्ट सांगण्याचं काम त्याच्याकडे दिलंय. हाच निवेदक. कवितेतही तेच. कवितेतला 'मी' दर वेळी कवी असतोच असं नाही. कवी म्हातारा असून कवितेतला 'मी' लहान मूल असू शकतो, झाड असू शकतो, नदीसुद्धा असू शकते.

आता हा निवेदक मुलगा की मुलगी? उताऱ्यात कुठेही सांगितलेलं नाही, तरी आपल्याला पक्कं कळतं. बोट ठेव: 'एकटीची', 'उठले', 'झोपले'. मुलगा असता तर 'एकट्याची', 'उठलो', 'झोपलो' आलं असतं. मराठी या बाबतीत फार चहाडखोर भाषा आहे, क्रियापद बोलणाऱ्याची ओळख फोडून टाकतं. परीक्षेत लोक नावं शोधत बसतात आणि शेवटची दोन अक्षरं वाचायची राहून जातात.

'मी' वापरून सांगितलेलं ते प्रथमपुरुषी निवेदन. त्याची मर्यादा अशी, की 'मी'ला जेवढं दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. हाच उतारा 'तिने टेबल खिडकीपाशी ओढलं' असा तृतीयपुरुषी लिहिला असता, तर निवेदक आईच्या मनातही डोकावू शकला असता. 'ऐसपैस म्हणताना आईचा गळा दाटला होता' असं लिहिता आलं असतं. सगळ्यांच्या मनातलं ज्याला ठाऊक असतं तो सर्वज्ञ निवेदक. आपल्या उताऱ्यात मात्र आईच्या मनातलं आपल्याला कळत नाही आणि ते न कळणं हाच त्याचा एक भाग आहे.

इथून आपण सगळ्यात मजेच्या जागी येतो, ती म्हणजे अनुमान. वर मी 'मला बहीण नाही' म्हटलं आणि तूही बहुतेक मान डोलावलीस. पण उताऱ्यात 'बहीण' हा शब्द आहे का? शोध. नाही. तिथे फक्त 'तिची' आहे आणि 'झोपलीस का गं?' आहे. एवढ्यावरून काय सांगता येतं? ती मुलगी किंवा बाई आहे, 'तिची' आणि 'गं' यांनी ते सिद्ध होतं. निवेदक तिला 'तू' म्हणते, म्हणजे जवळची आहे. 'सवयीने' विचारलं, म्हणजे रोज रात्री त्या एकाच खोलीत झोपत असत. वही आणि मोजपट्टीवरून ती शिकत असावी. हे सगळं जोडलं की बहीण असण्याची शक्यता मोठी दिसते. पण मामेबहीण असेल, बरोबर राहणारी मैत्रीण असेल, तेही उतारा नाकारत नाही. तेव्हा उत्तरात 'ती निवेदिकेची बहीण आहे' असं न लिहिता 'बहीण असावी' असं लिहायचं आणि 'कारण' हा शब्द टाकून पुरावा द्यायचा. 'आहे' आणि 'असावी' यांतला फरक ज्याला कळला त्याला अनुमान कळलं.

आणि ती गेली कुठे? शिकायला? लग्न होऊन? की कायमचीच? यावर बोट ठेवायला जागाच नाही. एका वर्गात असाच एक उतारा दिला होता, तर निम्म्या मुलांनी त्यातल्या माणसाला थेट मारून टाकलं आणि दोन मुलींनी तर आजाराचं नावही लिहिलं. याला अनुमान म्हणत नाहीत, ही कल्पनाशक्ती. ती निबंधासाठी राखून ठेव.

'मैत्री' लिहून अर्धा गुण का मिळाला ते आता बघू. विषय, आशय आणि मध्यवर्ती कल्पना हे तीन शब्द मुलं एकमेकांच्या जागी वापरतात, आणि खरं सांगायचं तर काही मार्गदर्शकांतही ते सरमिसळ झालेले असतात. मी एक साधी खूण सांगते. विषय एका-दोन शब्दांत मावतो. आपल्या उताऱ्याचा विषय: दुरावा. आशय म्हणजे त्या विषयाबद्दल इथे काय काय सांगितलंय ते: खोली एकटीची मिळालेली मुलगी ती आपल्यासारखी लावून घेते, पण गेलेल्या व्यक्तीचा एक कप्पा तसाच ठेवते आणि रात्री तिला सवयीने हाक मारते. मध्यवर्ती कल्पना म्हणजे हे सगळं मिळून जे म्हणतं ते, आणि तिला क्रियापद लागतंच. 'दुरावा' ही मध्यवर्ती कल्पना होऊच शकत नाही, कारण तो शब्द काही म्हणत नाही. 'माणूस गेल्यावर जागा मोकळी होते, पण ती आपल्याला भरता येत नाही' हे वाक्य काहीतरी म्हणतं. तू 'मैत्री' लिहिलंस तो विषय होता. मैत्रीचं काय? टिकते? महाग पडते? उशिरा कळते? तो उरलेला अर्धा गुण त्या 'काय'मध्ये होता.

तात्पर्य हा आणखी वेगळा प्राणी. तात्पर्य म्हणजे त्यातून घ्यायची शिकवण. ती बोधकथांना असते, प्रत्येक लिखाणाला असतेच असं नाही. या उताऱ्याखाली कुणी 'यावरून आपण शिकतो की बहिणीशी भांडू नये' असं लिहिलं तर मी काय करावं? भांडण मुळात आहे कुठे? विचारलं नसेल तिथे तात्पर्य काढत बसू नकोस. सारांश मागितला असेल तर साधारण एक तृतीयांश लांबी धरायची आणि उताऱ्यात नसलेलं एकही वाक्य घालायचं नाही. सारांशाबद्दल एवढं पुरे.

अलंकार. इथे तुझं अर्धं काम झालेलं आहे. 'पाऊस हट्टी मुलासारखा' ही उपमा हे तू झोपेतही सांगशील. उपमेय पाऊस, उपमान हट्टी मूल, साधारण धर्म थापा मारत राहणं, साम्यवाचक शब्द 'सारखा'. 'पाऊस म्हणजे जणू हट्टी मूलच' केलं की उत्प्रेक्षा झाली. 'पावसाचं हट्टी मूल दार सोडेना' केलं की दोघं एकरूप झाली, म्हणजे रूपक. इतकं व्याकरण झालं. 'स्पष्टीकरण कुठे आहे?' असं विचारणाऱ्या तुझ्या शिक्षकांना याच्या पुढचं हवं आहे: पाऊस दुसऱ्या कशासारखा का नाही? पाऊस ताशासारखाही वाजतो की. मग मूलच का, हट्टीच का, आणि दारच का? कारण मुलगी आत कुणाची तरी वाट बघते आहे आणि दारावर थापा पडताहेत. कुणीतरी आलंय, पण ती आलेली नाही, नुसता पाऊस आलाय. ती उपमा तिथून उचलली तर शेवटची खिडकी उघडण्याला आधार राहत नाही. एवढं दोन ओळींत लिहिलंस की झालं स्पष्टीकरण.

'खोली गप्प बसली' ही चेतनागुणोक्ती, म्हणजे निर्जीव वस्तू सजीवासारखी वागते. कुणी म्हणेल, खोली शांतच असते, त्यात काय? पण 'खोलीत शांतता होती' आणि 'खोली गप्प बसली' ही दोन वाक्यं सारखी नाहीत. गप्प तोच बसतो ज्याला बोलता येतं. म्हणजे काल-परवापर्यंत ही खोली उत्तर देत होती. एका क्रियापदात केवढं दुःख ठेवता येतं बघ. (मीच लिहिलंय आणि मीच कौतुक करतेय, पण शिकवण्यासाठी एवढं चालून जावं.)

शब्द बोलतो एक आणि सांगतो दुसरंच, याला आपल्याकडे जुनं नाव आहे: व्यंजना. शब्दाच्या तीन शक्ती मानतात. सरळ अर्थ देते ती अभिधा. सरळ अर्थ जुळत नाही म्हणून जवळचा अर्थ घ्यावा लागतो ती लक्षणा. 'सगळं घर रडत होतं' यात भिंती रडत नाहीत, घरातली माणसं रडतात. आणि सरळ अर्थ जागेवर असूनही त्याच्या आडून आणखी काही उमटतं ती व्यंजना. ११ व्या शतकात मम्मटाने 'काव्यप्रकाश' या ग्रंथात तिचं फार सुरेख उदाहरण घेतलंय: 'सूर्य मावळला.' वाक्य एकच. पण गुराखी ऐकतो तेव्हा त्याचा अर्थ होतो गायी घराकडे वळवा, दुकानदार ऐकतो तेव्हा माल आवरा, कामकरी ऐकतो तेव्हा आता काम थांबवा, आणि प्रियकराची वाट बघणारी ऐकते तेव्हा, तो अजून आला नाही. अर्थ वाक्यात आहेच, पण कोण कुणाला कधी म्हणतंय यातही आहे. म्हणून उताऱ्यातल्या संवादाचा अर्थ विचारला की आधी ही तीन माणसं पकडायची: बोलणारा, ऐकणारा आणि वेळ. (वेळ माणूस नव्हे, पण वागते माणसासारखी. कोणता अलंकार झाला?)

याच चष्म्यातून आईचं 'आता कसं ऐसपैस!' वाच. हा उपरोध आहे का? उपरोधात बोलणाऱ्याला स्वतःलाच उलटा अर्थ अभिप्रेत असतो, वाया गेलेल्या दिवसाला 'वा, छान दिवस गेला!' म्हणावं तसा. आईला तसं काही म्हणायचंय असं उताऱ्यात दिसत नाही. ती मुलीची समजूत घालत असेल, कदाचित स्वतःचीही. शब्द आनंदाचा आहे आणि पुढची प्रत्येक ओळ तो खोटा पाडत जाते, हा विरोध लेखकाने घडवलाय, आईने नव्हे. 'आई उपरोधाने बोलते' लिहिलं तर चूक आणि 'आईच्या शब्दांतला आनंद आणि मुलीची मनःस्थिती यांत विरोध आहे' लिहिलं तर बरोबर. बघ, अंतर किती थोडं आहे.

प्रतीकाबद्दल माझी तक्रार अशी, की तो शब्द शिकवल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मुलांना सगळीकडे प्रतीकंच दिसू लागतात. टेबल हे ज्ञानाचं प्रतीक, भिंत हे बंधनाचं प्रतीक. थांब जरा. टेबल हे टेबल आहे. वस्तू प्रतीक होते तेव्हा लिखाण तिला वेगळी वागणूक देतं. सगळी खोली बदलली, एकच जागा बदलली नाही, आणि तिच्या आधी 'फक्त' हा शब्द आलाय. त्या 'फक्त'वर बोट ठेव. तो कप्पा म्हणजे तिच्यासाठी राखलेली जागा आहे. तुटक्या मोजपट्टीचं म्हणशील तर मला खात्री नाही. तुटलेलं नातं? ओढूनताणून होईल. माझ्या मते ती खरीखुरी मोजपट्टी आहे, फेकून द्यावीशी न वाटलेली. तुला वेगळं वाटलं तर पुराव्यासकट लिही, मी गुण देईन.

प्रतिमा यापेक्षा साधी असते: डोळ्यांना, कानांना, त्वचेला जाणवेल असं शब्दांनी केलेलं चित्र. दारावरच्या थापा ही ध्वनीची प्रतिमा. प्रत्येक प्रतिमा प्रतीक नसते.

आता सूर. सांगणारीचा आवाज कसा लागलाय? 'दुःखी' लिहून मोकळी होऊ नकोस. उताऱ्यात 'दुःख', 'रडू', 'आठवण' यांतला एकही शब्द नाही. ती नुसती काय काय केलं ते सांगत जाते: ओढलं, लावली, ठेवला, मालवला. तेव्हा सूर संयत आहे, आवरून धरलेला आहे. वाचणाऱ्याच्या मनात मात्र हुरहुर उमटते. सूर सांगणाऱ्याचा, भाव वाचणाऱ्याच्या मनातला, आणि दोन्ही एकच असायला हवेत असं नाही. बऱ्याचदा सांगणारा जितका आवरून बोलतो तितकं ऐकणाऱ्याला जास्त लागतं.

रस विचारला तर मुलं डोळे मिटून 'करुण' लिहितात. मीही शाळेत लिहायचे, निम्म्या वेळा बरोबर यायचं. पण भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात प्रेमातल्या विरहाबद्दल बोलताना एक बारीक भेद केलाय: करुणात पुन्हा भेटीची आशा उरलेली नसते, विरहात ती असते. तो भेद प्रेमी जनांसाठी सांगितलाय हे खरं, पण मला तो इथेही उपयोगी वाटतो. या मुलीने खिडकी उघडी ठेवली आहे. जिने आशा सोडली ती पावसात खिडकी उघडी ठेवील का? आता 'करुण' लिहिण्याआधी तू क्षणभर थांबशील, मला तेवढंच हवंय.

कथानक, संघर्ष, उत्कर्षबिंदू हे शब्द तुला फारसे अडत नसावेत, पत्रात त्यांचा उल्लेखही नाही. एवढंच सांगते, की उत्कर्षबिंदूला आरडाओरडा लागत नाही. इथे तो 'झोपलीस का गं?' या तीन शब्दांत आहे, आणि संघर्ष बाहेर कुणाशी नसून तिच्या आतच आहे.

प्रश्नातलं क्रियापदही वाचायला शीक. 'लिहा' म्हटलं तर उताऱ्यात आहे ते. 'स्पष्ट करा' म्हटलं तर 'कारण' हा शब्द उत्तरात यायलाच हवा. 'स्वमत' म्हटलं तर मत तुझं, पण आधार उताऱ्याचा. 'स्वतःच्या शब्दांत' म्हणजे मूळ वाक्यातले दोन शब्द बदलणं नव्हे. उतारा झाकून, न वाचलेल्या मैत्रिणीला सांगितल्यासारखं लिही, मग उघडून पडताळ.

राहिला तुझा शेवटचा प्रश्न, मजा जाते त्याचं काय. पहिल्या वाचनात हे सगळे शब्द दाराबाहेर ठेवायचे. पहिलं वाचन फक्त गोष्टीचं: पुढे काय झालं, कोण आवडलं, कुठे घशात आवंढा आला. ज्या ओळीशी तू थबकलीस तिथे पेन्सिलीने एक टिंब दे, बस. परीक्षेतही आधी असंच वाच, त्याला फार वेळ लागत नाही. दुसऱ्या वाचनात प्रश्न घेऊन जा आणि आधी त्या टिंबांपाशी बघ. जिथे मन थबकलं तिथे बहुतेक वेळा लेखकाने काहीतरी करून ठेवलेलं असतं, अलंकार तरी, प्रतीक तरी, नाहीतर नुसतं एक 'फक्त'. आणि सुट्टीत आवडीचं पुस्तक वाचताना दुसरं वाचन करायची सक्ती तुला कुणीही केलेली नाही.

एक काम देऊन थांबते. माझ्या उताऱ्याला मी मुद्दाम शीर्षक दिलेलं नाही. तू दे, आणि त्याखाली एका वाक्यात लिही की कोणत्या ओळीवर बोट ठेवून दिलंस. फक्त 'आठवण' आणि 'रिकामी खोली' ही दोन पाठवू नकोस. ती खोली रिकामी नाही, तिथे एक मुलगी झोपली आहे.

तुझी,
बाई